गाळीव वारा

बेळगावहून आणलेलं ग्राफिक्स कार्डाचं खोकं जिनेंद्रनं घराच्या पुढच्या सोप्यात मधोमध ठेवलं, त्याला टेकून पॉवर सप्लायचं खोकं ठेवलं, आणि हातपाय धुवायला जायचं सोडून तो दोन्हींकडे बघत उभा राहिला. येताना बसमध्ये त्यानं हे ओझं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. चिकोडीच्या स्टँडवर शेजारच्या बाईनं अदबीनं विचारलंही होतं, आत मूर्ती हाय काय म्हणून. जिनेंद्रनं व्हय म्हटलं होतं. त्याच्या मते ते फारसं खोटं नव्हतं.

"आता उघडा तरी," प्रिया, त्याची बायको, म्हणाली. "का पंचांग आणू?"

जिनेंद्र पुण्यात एका कंपनीत इमारतींची थ्रीडी चित्रं करायचा. गेल्या दिवाळीत नोकरी सोडून तो सदलग्याला परतला, घरी बसून तेच काम करायचं ठरवून. पण काम काही त्याच्यासारखं गावाकडे परतायला तयार नव्हतं. पुण्याची कंपनी अजून बोलावत होती आणि सोमवारपर्यंत काय ते कळवा, असा तिचा निरोप होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, गावच्या बस्तीची कमिटी बसणार होती. बस्ती म्हणजे जैन मंदिर. तिथं नवा सभामंडप उभा करायचा होता, आणि त्याचे नकाशे, चित्रं, सगळं कुणी करायचं हे कमिटी त्या दिवशी ठरवणार होती. काम दोन वर्षं पुरेल एवढं होतं. मिळालं तर जिनेंद्र गावात राहणार, नाही तर बॅग भरणार.

सांगलीच्या एका ऑफिसनं कमिटीला आधीच फिल्म दाखवली होती. कमिटीचे अध्यक्ष बाळगोंडा आप्पा यांना ती पटली नव्हती. ते दाखवतील तेवढंच बघायचं, अशी त्यांची तक्रार होती. खांबामागे काय आहे असं त्यांनी विचारलं, तर सांगलीचा पोरगा म्हणाला, ते फिल्ममध्ये नाही. हे ऐकून जिनेंद्रला चेव चढला आणि त्यानं भर बैठकीत शब्द दिला. आपण फिल्म दाखवणार नाही, कमिटीला मंडपातून फिरवणार. म्हणाल तिकडे वळू, म्हणाल तिथं थांबू.

शब्द जिनेंद्रनं दिला, पण तो पाळायचा होता त्याच्या कॉम्प्युटरनं, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. साडीच्या खोक्याएवढा आटोपशीर कॉम्प्युटर होता तो, पुण्याच्या एका ऑफिसनं जुना झाला म्हणून काढून टाकलेला. पत्रं टाइप करण्यात त्याची हयात गेली होती. कोरीव खांबांची फाईल उघडली की पडदा पांढरा व्हायचा आणि पांढराच राहायचा. म्हणून नवं कार्ड, आणि त्या कार्डाला पुरेल एवढी वीज देणारा नवा पॉवर सप्लाय.

जिनेंद्रनं जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, कार्ड दोन्ही हातांत धरलं, खाचेवर टेकवलं आणि हलकेच दाबलं. ते पुढून बसलं. मागून बसेना. कार्डाचं शेपूट डब्याच्या भिंतीला अडलं होतं. दोन बोटं जागा कमी पडत होती.

"माप तर तूच सांगितलंस," तो म्हणाला.

ही गोष्ट खरी होती. बेळगावच्या दुकानदारानं आतली लांबी विचारली तेव्हा जिनेंद्रनं प्रियाला फोन लावला होता. घरातला टेप मळ्यात ठिबकच्या पाइपांबरोबर गेलेला. तेव्हा तिनं हातानं मोजून सांगितलं, एक वीत चार बोटं. दुकानात जिनेंद्रनं कार्डावर आपली वीत ठेवली, पुढे चार बोटं ठेवली, आणि कार्ड बरोब्बर तिथं संपलं. दिवसभर मिलिमीटरमध्ये खांब आखणाऱ्या माणसाला एवढा आनंद झाला होता, की हात कुणाचा आणि वीत कुणाची हे त्याच्या लक्षातच आलं नाही. दुकानदारानं एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं होतं, पण गिऱ्हाईक खुशीत असताना तो बोलणाऱ्यांतला नव्हता.

आता नवराबायकोनं तळव्याला तळवा लावून पाहिला. प्रियाचा हात त्याच्या हातात पार बुडून गेला. मुलगी बघायला गेला होता तेव्हा याच लहानशा हातांचं त्याला कौतुक वाटलं होतं.

"माप माझं बरोबर हाय," प्रिया म्हणाली. "हात तुमचा चुकला."

पॉवर सप्लायची कथा याहून सोपी होती. जुना सप्लाय चपटा होता, पोह्यांच्या पुड्यासारखा. नवा बांधकामाच्या विटेएवढा निघाला. जिनेंद्रनं दुकानात वॉट विचारले होते, आकार विचारायचा राहून गेला होता.

पण हार मानेल तो जिनेंद्र कसला. त्यानं जुन्या डब्यातला मदरबोर्ड स्क्रू काढून बाहेर घेतला, जेवायचा लाकडी पाट पुसून त्यावर मांडला, वीट शेजारी ठेवली, दुकानदारानं दिलेली जोडवायर लावली आणि कार्ड खाचेत उभं केलं. आता त्याला अडवायला भिंतच नव्हती. बटण दाबलं. पंखे फिरले. टीव्हीच्या पडद्यावर सभामंडप उमटला आणि जिनेंद्रनं बोट हलवताच तो लोण्यातून सुरी जावी तसा पुढे सरकू लागला. खांब, कमानी, छतातली कमळं, सगळं लखलखीत. जिनेंद्र खुर्चीतून उठून उभा राहिला आणि उभ्यानंच मंडपाला तीन फेऱ्या घालून आला.

मग प्रियानं माऊस ओढून घेतला. ती दारातून आत गेली, मागे वळली, इकडेतिकडे बघत राहिली.

"काय शोधालीस?"

"चपला कुठं काढायच्या?"

जिनेंद्रनं मंडपाला बहात्तर खांब काढले होते, चपलांना जागा काढली नव्हती. त्यानं तिथल्या तिथं काढली. कार्डानं ती डोळ्याचं पातं लवायच्या आत रंगवून दिली. एवढ्या वेगानं काम होताना त्यानं पुण्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना तो कार्डाबद्दलच बोलत राहिला आणि आमटी दोनदा घेतल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्याच्या आईनं, पद्माक्कानं, मात्र पाटावर पसरलेलं ते सगळं बघून मुद्द्याचा प्रश्न विचारला. हे बस्तीपर्यंत न्यायचं कसं? पाट डोक्यावर घेऊन? जिनेंद्रलाही ते पटलं. या सगळ्याला एक डबा हवा होता, मोठा आणि मापाचा. आणि डबा म्हटल्यावर घरात एकच नाव होतं.

पद्माक्काचा भाऊ भरमूमामा याची बेळगावला उद्यमबागेत फाउंड्री होती. पंपांची आवरणं आणि यंत्रांचे पाये तिथं ओतले जात. जिनेंद्रनं फोनवर मापं सांगितली, या वेळी मिलिमीटरमध्ये आणि टेपनं घेतलेली. मागे आणि एका अंगाला वाऱ्यासाठी भोकं, आणि पत्रा साधाच, पातळ. पत्रा हा शब्द मामाला झोंबला.

"पत्र्याचं काम आम्ही करत न्हाय," तो म्हणाला. "पण तू घरचा हायस. आयतु, चालतंय, बघतो."

शनिवारी दुपारी टेम्पो दाराशी आला. डबा उतरवायला टेम्पोतली दोन माणसं उतरली, मग ड्रायव्हर उतरला, मग त्यांनी जिनेंद्रला बोलावलं. तळ ओतीव लोखंडाचा होता. चारी बाजूंना जाड पोलादी पाट्या, त्यावर यंत्राला देतात तसा राखाडी रंग, आणि वरच्या चारी कोपऱ्यांवर गोल कड्या बसवलेल्या. कड्या कशाला, असं जिनेंद्रनं विचारलं तेव्हा ड्रायव्हरनं सांगितलं की क्रेनचा हुक अडकवायला, मालकांनी मुद्दाम लावल्यात.

डबा टेबलावर ठेवला, तेव्हा टेबलानं असा आवाज काढला की सगळ्यांनी मिळून तो पुन्हा उचलला आणि सोप्यातल्या दगडी कट्ट्यावर, कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना थोडी जागा सोडून ठेवला. जिनेंद्रनं धापा टाकत फोन लावला.

"मामा, लई जड झालाय."

"झालाय न्हवं? लोखंडात कंजूषपणा केलो न्हाय. ह्यात कंपन म्हणून येणार न्हाय बघ."

"कॉम्प्युटरला कंपन नसतंय मामा."

"आता तर न्हाईच न्हाय," मामा म्हणाला.

बाकी डब्यात खोट काढायला जागा नव्हती. मदरबोर्ड, वीट, कार्ड, सगळं केसभरही इकडेतिकडे न होता बसलं. जिनेंद्रचा आनंद परत वर आला. फक्त जो कॉम्प्युटर तो कालपर्यंत काखेत घालून फिरत होता, तो आता घराचा भाग झाला होता. बस्तीत न्यायचा प्रश्नच मिटला. मग तो पडेल चेहऱ्यानं बाळगोंडा आप्पांकडे गेला आणि कॉम्प्युटर येऊ शकत नाही, एवढंच सांगितलं.

"का, आजारी हाय?"

"जड हाय आप्पा. चौघं लागत्यात उचलायला."

आप्पांनी आजवर कॉम्प्युटर दिवसेंदिवस लहान होत चालल्याचंच ऐकलं होतं. वजनदार कॉम्प्युटर ही त्यांना खात्रीची वस्तू वाटली. मग आम्हीच येतो, असं ते म्हणाले. फक्त दिवस मावळायच्या आत कमिटीतल्या सगळ्यांना जेवायला आपापल्या घरी पोचायला हवं, तेवढं बघ.

रविवारी दुपारी कमिटी आली. आप्पांनी उपरण्याच्या टोकानं जागा हळूच झाडली, खाली काही जीव नाही ना हे पाहिलं आणि मग बसले. बाकीचे त्यांच्याभोवती बसले. पद्माक्कानं गाळून उकळलेलं पाणी दिलं. जिनेंद्रनं टीव्ही लावला, आणि मंडपाचं दार उघडल्याबरोबर बसलेल्यांत कुजबूज झाली.

"उजवीकडं जा," आप्पा म्हणाले.

जिनेंद्र उजवीकडे गेला.

"त्या खांबामागं."

तो खांबामागे गेला. तिथं भिंत होती, भिंतीत कोनाडा होता, कोनाड्यात उजेड पडला होता. आप्पा बराच वेळ कोनाड्याकडे बघत राहिले.

"हाय की," ते म्हणाले, आणि शेजाऱ्यांकडे असं बघितलं की सांगलीचं ऑफिस निम्मं तिथंच संपलं. प्रियानं स्वयंपाकघराच्या दारातून त्याला डोळ्यांनीच शाबासकी दिली.

आणि पडदा काळा झाला.

वीज होती, वर पंखा फिरत होता. कॉम्प्युटर तेवढा बंद पडला होता. जिनेंद्रनं हसत बटण दाबलं, पहिल्यांदा होतं असं, म्हणाला. मंडप परत उघडला. ते गाभाऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत पोचले आणि पुन्हा काळोख. तिसऱ्या वेळी तर दारातच. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. कमिटीतला एकेक जण त्या उन्हाकडे बघू लागला, आणि एकानं तर उठायच्या तयारीनं गुडघ्यावर हात टेकला. सांगलीची फिल्म निदान संपली तरी होती, असं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

जिनेंद्रनं डब्यावर हात ठेवला आणि झटकन उचलला. भाकरीचा तवा परवडला. वाऱ्याची भोकं तर त्यानं मोजून ठेवली होती. तो डब्यामागे वाकला, भिंत आणि डबा यांच्या मधल्या जागेत डोकं घातलं, आणि तसाच राहिला.

मागच्या सगळ्या भोकांवर पांढरंशुभ्र कापड ताणून बसवलं होतं. त्याच्या नाड्या मामानं क्रेनसाठी लावलेल्या कड्यांत ओवून नीट गाठी मारल्या होत्या. वाकून पलीकडे पाहिलं, तर कोपऱ्याकडच्या भोकांवरही तसंच.

"आई, हे काय?"

"गाळणं," पद्माक्का म्हणाली. "सकाळी मीच बांधलंय. आतला पंखा वारा वढतोय. वाऱ्याबरोबर चिलटं, माश्या काय काय आत जात असंल. पाणी गाळून पितोय आपण, आणि वारा तसाच घ्यायचा?"

जिनेंद्रनं गाठीला हात घातला.

"थांब," आप्पा म्हणाले.

ते उठले, डब्याजवळ आले, आणि गुडघे धरून खाली बसले. दोन बोटांनी कापडाचा पोत बघितला.

"दुपदरी?"

"दुपदरी," पद्माक्का म्हणाली.

"कोरं हाय?"

"कोरं. धुऊन वाळवून घेतलंय."

"झटकता कुठं?"

"मागं परड्यात. पेरूच्या झाडाखाली, हळू."

आप्पांनी मान डोलावली. जिनेंद्र घाम पुसत उभा होता. मुलाखत त्याची होती, पण उत्तरं योग्य उमेदवार देत होता. आप्पांनी वळून कमिटीला विचारलं, की सांगलीच्या पोराच्या लॅपटॉपला खालून भोकं होती ती कुणी बघितली का? दोघांनी बघितली होती. त्यावर कापड होतं? कापड कुणीच बघितलं नव्हतं. त्या लॅपटॉपच्या पोटात आजवर काय काय गेलं असेल, याचा जो तो आपापल्या परीनं विचार करत होता.

"पण बंद पडतंय ते पडतंयच," गुडघ्यावर हात ठेवलेला सभासद म्हणाला.

"व्हय," आप्पा म्हणाले. "जिनेंद्रा, कापड ऱ्हाऊ दे आणि चालवून दाखव. जमतंय काय बघ. न्हाय तर आम्ही निघालो."

ऊन भिंतीवरून कौलांकडे चाललं होतं. जिनेंद्रनं विचार केला. वारा वाढवता येत नव्हता, तेव्हा आग कमी करणं एवढंच हातात होतं. त्यानं सेटिंग उघडलं आणि कार्डाला मिळणारी वीज खाली आणली, आणखी खाली, मग त्याहून खाली जाऊ देईना तिथपर्यंत. शर्यतीचा बैल वाजतगाजत घरी आणून दुसऱ्या दिवशी घाण्याला जुंपावा, तसं त्याला वाटलं. मग त्यानं बटण दाबलं.

मंडप उघडला. चित्र एक पाऊल पुढे गेलं आणि थांबलं. मग आणखी एक पाऊल गेलं आणि थांबलं. लोण्यातली सुरी आता दगडातून चालली होती. पायऱ्या आल्या. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. जिनेंद्र मनातल्या मनात बॅगेत शर्ट घालू लागला. स्वेटर घ्यावा की नको, इथपर्यंत तो आला होता.

आप्पा पुढे सरकून बसले होते. चित्र थांबलं की ते आधी जमीन बघत, मग खांब, मग छत. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी चित्र जरा जास्तच वेळ अडकलं, तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले.

"आता खरं चाललं," ते म्हणाले. "सांगलीच्या फिल्मीत माणूस एस्टी चुकल्यागत पळत आत शिरला. बस्तीत असं जातात व्हय? पायाखाली बघून, एक एक पाऊल टाकत जातात. ह्या पोराला चाल ठावं हाय."

"हाडाचं जैन हाय ते पोरगं," दुसरा म्हणाला.

तिसऱ्यानं फक्त एक सूचना केली. गाभाऱ्याजवळ आणखी थोडं सावकाश करता आलं तर बघावं. जिनेंद्रनं जमेल म्हणून सांगितलं. डबा तापत चालला होता, ते बहुधा आपोआपच होणार होतं.

उठताना आप्पांनी निर्णय सांगितला. काम जिनेंद्रला. चपलांच्या जागेचं त्यांनी वेगळं कौतुक केलं, तेव्हा प्रिया दारातून आत सरकली. अट एकच. काम पुरं होईस्तोवर कापड काढायचं नाही आणि चाल बदलायची नाही. मग सगळी कमिटी आपापल्या चपला शोधून घाईघाईनं जेवायला गेली.

सोपा रिकामा झाल्यावर जिनेंद्रनं पुण्याला कळवून टाकलं, येत नाही. पलीकडून लगेच विचारणा आली, की तिकडे मशीन तरी धड आहे का? त्यानं लिहिलं, आहे, पण चालायची एक पद्धत आहे. प्रिया ते खांद्यावरून वाचत होती. ती आमटी गरम करायला गेली आणि जाताना त्याच्या पाठीवर तो लहानसा हात टेकवून गेली.

अजून थोडा उजेड होता. जिनेंद्र कट्ट्याजवळ गेला. एकदाच, फक्त एकदाच, घरात कुणी बघत नसताना कार्ड पूर्ण ताकदीनं पळवून बघावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मागच्या बाजूच्या गाठी सोडल्या आणि कापड बाहेर ओढलं. कापडाच्या बाहेरच्या अंगाला एक हिरवा किडा चिकटून बसला होता, नखाएवढा. त्यानं एक पाय उचलला, विचार केला आणि परत ठेवला.

"किती हायत?" मागून पद्माक्कानं विचारलं.

"एकच हाय आई."

"त्याला विचार, एकच म्हंजे किती ते."

जिनेंद्रनं कार्डाकडे एकदा पाहिलं. मग कापड दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि पायाखाली बघत, एक एक पाऊल टाकत तो परड्याकडे निघाला.